गुडघ्यातली खळी

आमचं घर आणि आखाडा यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि त्या भिंतीत एक दार होतं. ते दार माझ्या बाबांचं होतं, धाकट्या भावाचं होतं, नागपुरातल्या आमच्या महाल भागातल्या निम्म्या पोरांचं होतं. फक्त माझं नव्हतं. बाईमाणसानं आखाड्याची माती तुडवायची नाही, असा नियम. लहानपणापासून मी त्या उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहून "बाबा, जेवाले चला" म्हणून हाका मारत आले. आतून तेलाचा, ताकाचा आणि कालवलेल्या मातीचा वास येई. तो वास आमच्या घरातल्या भांड्याकुंड्यांनासुद्धा होता.

बाबा आखाड्याचे वस्ताद आणि जोडीला हाडवैद्य. इंग्रजांचा अंमल होता, नागपुरात मोठा दवाखाना होता, तिथे साहेब होता, औषधं होती. पण खांदा निखळला की लोक आधी आमच्या ओट्यावर येत. सावनेरकडून, हिंगण्याकडून बैलगाड्या येत. बाबा माणसाला ओट्यावर निजवत, त्याच्याशी शेतापाण्याच्या गप्पा मारत आणि तो बोलण्यात रंगला की हात धरून एकच ओढ देत. कट् असा आवाज होई. खांद्याचं हाड सुटलं की त्याच्या जागी एक खळगा पडतो. ओढ बरोबर लागली की तो खळगा हाताखाली भरून येतो. बाबा त्यावरून तळवा फिरवत आणि म्हणत, "भरला खळगा. जाय आता घरी." पैसे घेत नसत. बजरंगबलीपुढे नारळ फोडला की झालं.

मी लहान वयात विधवा होऊन माहेरी परत आले. पुढे काय, हा प्रश्न घरात कोणी मोठ्यानं विचारत नव्हतं, सगळे मनात विचारत होते. बाबांनीच मला नर्सचं शिक्षण घ्यायला दवाखान्यात पाठवलं. भाऊबंद तोंडाला येईल ते बोलले. बाबांनी त्यांना एवढंच सांगितलं, "हात आपल्या घरचे आहेत पोरीचे. रिकामे काहून ठेवू?" त्या वाक्यावर मी पुढचं सगळं आयुष्य काढलं आहे. माझ्या जिभेला तेव्हाही धार होती आणि दवाखान्यानं ती आणखी परजली, असं माझा भाऊ म्हणे.

आखाड्याचा आणखी एक नियम होता. बाबांच्या वस्तादांपासून चालत आलेला. आपल्या पायानं आत आलेला गडी आपल्या पायानं बाहेर जायला पाहिजे. हाड सुटो, मान लचको, आतच बसवायचं, मग उठून चालत जायचं. आखाड्यात बाज न्यायची नाही. बाजेवर निजून जातो तो पुन्हा येत नाही, अशी त्यांची समजूत. खांदे आणि बोटं यांच्या बाबतीत हा नियम चालून गेला. लचकलेल्या घोट्याच्या बाबतीतही चालून गेला. त्यामुळे तो नियम चूक आहे, असं कोणाच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं.

माझा भाऊ माझ्याहून बराच लहान. अंगानं भरलेला आणि तोंडानं पोरकट. मी दवाखान्यातून पांढऱ्या कपड्यांत घरी आले की म्हणायचा, "आली वं बगळीण." मी लाटणं उगारायची. बाबांच्या मागे आखाडा तोच चालवणार, हे ठरलेलं होतं. त्याच्यासाठी मुलगी पाहून झाली होती, बोलणी चालू होती. बाबा त्याच्याशी फार बोलत नसत. पण तो कुस्तीला उतरला की त्यांचे ओठ नकळत हलत. दारातून मला ते दिसायचं.

त्या वर्षी नागपंचमीला मला सुट्टी होती. त्या दिवशी तवा चढवायचा नाही, म्हणून मी दिंडं उकडत होते. पलीकडे डफडं वाजत होतं, लोकांचा गलका चालला होता. एकदम डफडं थांबलं. गलकाही थांबला. कुस्ती निकाली होते तेव्हा गलका वाढतो, थांबत नाही. मी हात तसेच पिठाचे घेऊन दाराशी गेले.

भाऊ मातीत पडला होता. समोरच्या गड्यानं टांग मारली, भावाचा पाय मऊ मातीत रुतून राहिला आणि त्या गड्याचं सगळं वजन बाहेरच्या अंगानं त्याच गुडघ्यावर आलं. हे मला नंतर कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच, की गुडघा अर्धवट वाकलेला आहे, खालची नळी बाहेरच्या बाजूला सरकली आहे, आणि पाय ज्या दिशेला असतो त्या दिशेला नाही. बाबा त्याच्याजवळ गुडघे टेकून बसले होते. ते त्याच्याशी बोलत होते, नेहमी ओट्यावर बोलत तसंच. मग म्हणाले, "मांडी धरा गा. घट्ट."

त्यांनी ओढलं. आवाज आला नाही. बाबांनी गुडघ्याच्या आतल्या बाजूवरून तळवा फिरवला आणि थांबले. "खळगा भरून नाही राहिला," ते म्हणाले आणि त्यांनी पाय पुन्हा धरला.

मी दारातून ओरडले. "बाबा, ओढू नका! आधी पायाची नाडी पाहा! बोटं पाहा त्याची, थंड आहेत का!" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी काही अभद्र बोलले, असे चेहरे झाले. एक जुना पैलवान येऊन दारात हात आडवे करून उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. मला अंगाखांद्यावर खेळवलेला, घरच्यांसारखा मला बाईच म्हणणारा. हळूच म्हणाला, "बाई, आत नको येऊ वं. वस्ताद आहेत ना." त्याच्या हाताखालून मी पाहत होते. बाबांनी पुन्हा ओढलं, या वेळी सगळा जोर लावून. माझ्या भावानं तोपर्यंत दात आवळून धरले होते, आता तो ओरडला. त्या दारावर माझा राग आजही आहे. ते दार पडून गेलं, घर विकून झालं, तरी आहे.

मग बाबा उठले. म्हणाले, "ऊठ. आपल्या पायानं आलास, आपल्या पायानं चाल." दोघांनी त्याला बगलेत धरून उभं केलं. चालला म्हणायचं ते अशासाठी, की त्याचं पाऊल मातीला लागत होतं. माझ्याकडे पाहून तो हसायचा प्रयत्न करत होता. उंबरा ओलांडून तो आमच्या बाजूला आला आणि तिथेच कोसळला. त्या क्षणापासून तो माझा झाला, कारण आता तो घरात होता.

त्याला बाजेवर घेतलं. माती ओल्या फडक्यानं पुसली आणि गुडघ्याकडे पाहिलं. दवाखान्यात मी मोडलेले पाय पाहिले होते, गिरणीत चिरडलेले पाहिले होते. असं काही पाहिलं नव्हतं. गुडघ्याच्या आतल्या बाजूला हाडाचा एक गोल उंचवटा चामडीखाली वर आला होता. त्यावरची चामडी ताणून पांढरी पडली होती. आणि त्याच्या लगेच खाली एक आडवी खळी. कणकेच्या गोळ्यात अंगठा दाबावा तशी. चामडी तिथे आतून कोणी ओढून धरल्यासारखी आत गेली होती. मी पावलावर बोटं ठेवली. नाडी होती, पण बारीक. बोटं गार.

बाबा माझ्या मागे उभे होते. खळीकडे पाहत ते म्हणाले, "एकच डाव अजून. खळगा भरला की बसलं समज." मी दोन्ही हात त्या गुडघ्यावर पसरून ठेवले आणि मान वर न करता म्हटलं, "आता हात लावाल तर मी तुमची पोरगी नाही." बापाला असं बोलणारी मुलगी आमच्या गल्लीत दुसरी नसेल.  बाबांनी बाहेर जाऊन स्वतः गाडी जुंपून आणली, बाज तशीच उचलून गाडीत आडवी ठेवायला लावली आणि बैलांच्या पुढे पायी चालत निघाले. वस्तादाच्या घरातून गडी घेऊन निघालेली ती पहिली बाज होती. लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून पाहत होते.

दवाखान्यात आमचे मोठे डॉक्टर आपल्याच मुलखातले होते. लढाईत सैन्याबरोबर जाऊन आलेले. बोलायला तुसडे, हाताला हलके. नर्सा त्यांना वचकून असत. मीही असे. त्यांनी खाली वाकून तो गुडघा बराच वेळ नुसता पाहिला, हात लावला नाही. मग पावलाची नाडी पाहिली. मग त्या खळीवर एक बोट अलगद टेकवलं आणि विचारलं, "कोणी ओढलं?"

"मी," बाबा म्हणाले.

मला वाटलं, आता डॉक्टर फाडून खाणार. वैदूंची, हाडवैद्यांची नावं काढली की ते पेटत. पण त्यांनी शांतपणे विचारलं, "ओढल्यावर ही खळी कमी झाली की वाढली?"

बाबांनी डोळे मिटले. हातानं पाहिलेलं ते डोळे मिटून आठवत असत. मग म्हणाले, "वाढली."

"तेच मला पाहिजे होतं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आपल्या कोटाचं एक बटण काजातून अर्धं बाहेर काढलं आणि बाबांना दाखवत सांगितलं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक गोल असतं. ते आतल्या बाजूचं पांघरूण फाडून बटण काजातून येतं तसं बाहेर आलंय. फाटलेलं पांघरूण त्याच्या मागे सांध्यात जाऊन अडकलंय, आणि तेच चामडीला आत ओढतंय. त्यांनी कोटाचं कापड दोन्हीकडून ताणलं. "आता पाहा. जितकं ओढाल तितकं काज आवळतं. हा गुडघा ओढून बसत नाही. ज्या गुडघ्यावर खळी पडते, तो उघडूनच बसवावा लागतो." असा गुडघा त्यांनी लढाईत एकदाच पाहिला होता. नंतर एक्सरे काढला, त्यात हाड बाजूला सरकलेलं दिसलं. पण एक्सरेच्या आधीच त्यांनी ओळखलं होतं, त्या खळीवरून. बाबाही त्याच खळीकडे पाहत होते. तिचा अर्थ खांद्याच्या हिशेबानं लावत होते.

बाबांनी विचारलं, "मी ओढला म्हणून झालं का हे?"

डॉक्टर हात धूत होते. म्हणाले, "पहिल्यांदा कोणीही ओढला असता. मीसुद्धा ओढला असता." पुढे ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या खेपेबद्दल बोलले नाहीत, चालवण्याबद्दल बोलले नाहीत. पण बाबांना ते न बोललेलं समजलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. माणूस म्हातारा होताना दिसतो असं म्हणतात. मला त्या दिवशी दिसला.

मला डॉक्टरांनी विचारलं, "आत येशील की रडशील?" मी म्हटलं, "येईन. रडायचं ते नंतर." क्लोरोफॉर्म दिल्यावर त्यांनी आतल्या बाजूनं गुडघा उघडला. पांघरलेला तो पडदा फाटून, गोळा होऊन सांध्याच्या फटीत घट्ट बसला होता. डॉक्टरांनी तो बोटानं आणि बोथट हत्यारानं हळूहळू सोडवला. सोडवता क्षणी हाड आपल्या जागी गेलं. ओढ नाही, झटका नाही. पाळण्यातलं मूल कूस बदलतं तेवढ्याच हालचालीनं. त्यासाठी बाबांनी आखाड्यात घामानं डबडबून सगळी ताकद पणाला लावली होती. मला एकाएकी बाबांची इतकी दया आली, की तोंडावर फडकं होतं म्हणून निभावलं.

पण ताणून पांढरी पडलेली ती चामडी काही वाचली नाही. निळी झाली, मग काळी पडली, मग सुटून आली आणि खाली पू धरला. आजच्यासारखी औषधं तेव्हा नव्हती. आम्ही धुवायचो, उकळलेल्या मिठाच्या पाण्याच्या धारा सोडायचो, पट्ट्या बदलायचो आणि देवाचं नाव घ्यायचो. भावाला ताप चढला. तापात तो कुस्तीतले डाव पुकारायचा. डॉक्टर रोज मांडीपर्यंत हात फिरवून पाहत. एक दिवस बाबांसमोरच म्हणाले, "पू वर चढला किंवा पावलाची नाडी गेली, की पाय कापायचा. उगाच जीव घालवायचा नाही. तोवर ठेवू."

डॉक्टर गेल्यावर बाबांनी मला व्हरांड्यात बोलावलं. "कुठी असते ते नाडी? मले दाखव."

मी त्यांना परत पलंगाशी नेलं. ज्या हातांनी मला हाडांची नावं शिकवली, ते हात मी आपल्या हातात धरले आणि भावाच्या पावलावर, अंगठ्याच्या आणि दुसऱ्या बोटाच्या मधून वर येणाऱ्या रेषेवर ठेवले. त्यांनी सवयीनं दाबलं. "बाबा, दाबू नका," मी म्हटलं. "दाबलं की पळते ते." त्यांनी हात सैल केला. थोड्या वेळानं म्हणाले, "लागली. मोठी चांगली चालून राहिली." मी माझं बोट शेजारी ठेवून पाहिलं. त्यांचं बोट चुकीच्या जागी होतं. नवख्याचं असंच होतं. ध्यान लावून बसलं की आपल्याच बोटातली नाडी आपल्याला लागते आणि ती दुसऱ्याची वाटते. मी तसं त्यांना सांगितलं. ते ओशाळले. त्यांना कोणी हाताची चूक दाखवायची, ही त्यांच्या आयुष्यातली बहुधा पहिलीच वेळ होती.

पण शिकले. डॉक्टरांनी त्यांना वॉर्डात बसायची परवानगी दिली. सकाळपासून बाबा पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसत, बोट पावलावर. जड मुद्गल फिरवणारा, वळू अंगावर आला तर शिंगं धरणारा माझा बाप पाखरू हातात धरावं तसं ते पाऊल धरून बसायचा. मी पट्टी बदलायला आले की मान न वळवता सांगायचे, "आहे." कधी म्हणायचे, "सकाळी बारीक होती, आता बरी आहे." मी पाहायची. खरं असायचं.

पाय वाचला. पू हळूहळू हटला, जखम भरत आली, ताप उतरला. पण पुवानं तो सांधा आतून खाऊन टाकला होता. गुडघा सरळ राहिला तो कायमचाच. पाय लाकडासारखा. त्याला मांडी घालता येईना, उकिडवं बसता येईना, पंगतीत बसता येईना. आखाड्यात जायचं तर आधी मातीला वाकून नमस्कार करायचा असतो. त्याला वाकताच येईना. एकदा तो दारापर्यंत गेला, उंबऱ्याशी उभा राहिला आणि परत फिरला. आता त्या दाराच्या अलीकडे आम्ही दोघं होतो. लग्नाची बोलणी तिकडून थांबली, आम्हीही ती पुढे नेली नाहीत. गिरणीच्या फाटकावर त्याला उभं राहण्याचं काम मिळालं. तो म्हणे, "बाई, उभं राहाले माह्यापेक्षा चांगला माणूस सापडणार नाही त्यांले." मी हसायची, मग आत जाऊन चुलीशी बसायची.

आखाड्याचे नियम बाबांनी त्याच वर्षी मोडले. कसे, ते सांगते. एका पोराचा खांदा निखळला. मी घरी होते. पलीकडून बाबांचा आवाज आला, "बाईले बोलवा." मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ते स्वतः दारात आले. "ये," म्हणाले. मी उंबऱ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. चपला काढल्या आणि आत गेले. जुन्या पैलवानांनी माना खाली घातल्या, पण कोणी अडवलं नाही. इतकी वर्षं ज्या मातीचा वास घेतला ती पायाखाली मऊ आणि गार लागली.

खांदा अगदी साधा होता. आमच्या ओट्यावर बाबांनी असे किती बसवले असतील, त्याचा हिशेब नाही. मी नाडी पाहिली, बोटं हलवायला लावली, बधिरपणा नाही हे पाहिलं. म्हटलं, "बाबा, हा तुमचाच आहे. बसवा." ते पुढे झाले. पोराचा हात धरला. खळग्यावर तळवा ठेवला. आणि त्यांचे हात थरथरायला लागले. आधी मला वाटलं, जोर लावताहेत. जोर नव्हता. त्यांनी पोराचा हात हळूच त्याच्या पोटावर ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "नाही जमत, बाई. माहे हात गेले." सगळ्यांच्या देखत म्हणाले. पोराला आम्ही दवाखान्यात नेलं. त्यानंतर बाबांनी कोणाचं हाड धरलं नाही. बैलगाड्या येत. बाबा त्यांना दवाखान्याचा रस्ता दाखवत.

फक्त एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. सकाळी भाऊ गिरणीत जायला निघाला, की बाबा ओट्याच्या खालच्या पायरीवर बसत. भाऊ वर उभा, तो सरळ पाय पुढे टाकून. बाबा त्याच्या पावलावर बोट ठेवत. जखम भरून कधीचीच झाली होती. पाय जायची भीती उरली नव्हती. मी तसं दोन-तीनदा सांगितलंही. ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरीवर बसत. बापानं मुलाच्या पायाला हात लावायचा, गल्लीतून जाणारी माणसं पाहून जात, भाऊ शरमेनं लाल होई. "बाबा, नका ना. पायाले हात नका लावू, पाप लागते मले."

"पाय नाही धरत गा," बाबा म्हणत. "नाडी पाहून राहिलो."

"गिरणीचा भोंगा होऊन राहिला, बाबा."

"होऊ दे. आहे. जाय आता."

माझ्या चुकीची क्षमा कर, असं त्यांनी भावाला कधी म्हटलं नाही. भावानंही तसा शब्द त्यांच्या तोंडून काढून घेतला नाही. मी मध्ये होते, मला दोघांचाही राग यायचा. बोलून मोकळं व्हावं, असं मला वाटे. आता वाटतं, रोज सकाळी पायरीवर ते बोलतच होते.

बाबा गेले ते उन्हाळ्यात, दुपारी. काही दिवस छातीत धाप होती, मग अन्न सुटलं. डॉक्टर येऊन पाहून गेले, मला बाजूला घेऊन मान हलवून गेले. वाळ्याचा पडदा भिजवून लावला होता, त्याचं पाणी खाली टपकत होतं. आखाड्यातली पोरं मधल्या दाराच्या पलीकडे येऊन उभी होती. आता उंबऱ्यावर थांबायची पाळी त्यांची होती, त्यांना कोणी आत या म्हणत नव्हतं.

मी उशाशी बसून बाबांचं मनगट धरलं होतं. भावाला जमिनीवर बसता येत नसे, म्हणून तो बाजेच्या पायथ्याशी स्टुलावर बसला होता, सरळ पाय बाजेखाली घालून. त्यानं बाबांचं पाऊल हातात घेतलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. बोट नेमकं त्या रेषेवर होतं. तो कधी शिकला, मला माहीत नाही. रोज त्याच्याच पायावर धडा चालायचा, तेव्हाच शिकला असणार.

माणूस जायला निघाला की नाडी पावलातून आधी जाते, मनगटात नंतर. हे मला ठाऊक होतं. त्याला नव्हतं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "बाई, मले लागून नाही राहिली."

मी म्हटलं, "दाबू नको. दाबलं की पळते ते."

त्यानं बोट सैल केलं आणि मान खाली घालून ध्यान लावून बसला. बाबांचा श्वास लांब लांब होत गेला. माझ्या बोटाखालची नाडी अडखळली, दोनदा परत आली, मग आली नाही. मी वाट पाहिली. मनगटावरची बोटं वर सरकवून पाहिली. नव्हती. मी काही बोलायला तोंड उघडलं आणि भाऊ एकदम वर पाहून म्हणाला, "लागली वं बाई. आहे. चालून राहिली."

त्याच्या चेहऱ्यावर केवढा आनंद होता. ती कोणाची नाडी होती हे मला कळत होतं. असल्या चुका दाखवण्यात माझं आयुष्य गेलं आहे. त्या दिवशी नाही दाखवली. मी बाबांचं मनगट तसंच धरून ठेवलं, आणि तो त्यांचं पाऊल धरून बसला होता, तसंच त्याला बसू दिलं.